बासनातले पुरावे: कोकणातल्या दुर्मीळ ग्रंथसंग्राहकांच्या रहस्यकथामालेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कथामाला नेमकी कशाविषयी आहे?

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातल्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल बाई आणि त्यांच्या शेजारी आयुष्यभर पुस्तकबांधणी करत आलेले बाइंडर काका ही या मालेतली दोन मुख्य पात्रे आहेत. जुनी मराठी पुस्तके, पोथ्या आणि दफ्तरे जमवणारे संग्राहक, त्यांना माल पुरवणारे रद्दीवाले आणि दलाल, वारशाने आलेल्या ट्रंकेचे काय करावे या विवंचनेत पडलेले घरमालक आणि वाचनालयांची कार्यकारी मंडळे यांच्या व्यवहारात काहीतरी बिनसते आणि त्याचा उलगडा या दोघांना करावा लागतो. प्रत्येक कादंबरीत एखादे पुस्तक हरवते, बदलले जाते किंवा जिथे असायला नको तिथे सापडते.

या सगळ्या कादंबऱ्यांतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या पुस्तकाचे मोल त्याच्या मजकुराइतकेच त्याच्या अंगावर उमटलेल्या खुणांत असते. वाचनालयाचा गोल शिक्का, शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, मुंजीत भेट मिळाल्याची पहिल्या पानावरची ओळ, कुणा वाचकाने समासात मोडीत केलेले टिपण, या खुणांवरून ते पुस्तक कुठल्या गावचे आणि कुणाकुणाच्या हातचे हे कळते. चोर त्या खुणा खरवडतो तेव्हा पुस्तक शाबूत राहिले तरी गावाचा एक पुरावा कायमचा नाहीसा होतो, आणि या मालेत मूळ गुन्हा तोच आहे.

कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

प्रत्येक कादंबरीतले रहस्य त्याच कादंबरीत सुटते, त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. बाई आणि काका यांच्यातला जुना अबोला मात्र पहिल्या भागापासून हळूहळू उलगडत जातो, म्हणून ज्यांना माणसांत अधिक रस आहे त्यांनी क्रमाने वाचणे चांगले.

यासाठी कोकणच का निवडले? जुनी पुस्तके म्हटली की पुणे-मुंबई आठवते.

बाजार पुण्या-मुंबईचा आहे हे खरे, पण पुस्तके पुष्कळदा कोकणातून तिथे जातात. छापील पुस्तकाशी या किनाऱ्याचे नाते फार जुने आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी सुरू केला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ मध्ये पोर्तुगीज अमदानीत झाली. त्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, 'दर्पण' हे मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत १८४५ मध्ये शिळाछापावर, म्हणजे दगडावर उतरवलेल्या हस्ताक्षरावरून छापून, निघाली, तीही त्यांच्याच संपादनाखाली. ही नावे आणि साले आपल्याकडे भाषणांत सांगितली जातात, पण त्यांचा व्यवहारी अर्थ असा होतो की या पट्ट्यातल्या घरांत पुस्तके येऊन पडायला दोनशे वर्षे मिळाली आहेत.

दुसरे कारण चाकरमान्यांचे. गिरणीत, कचेरीत, छापखान्यात नोकरीला मुंबईस गेलेला माणूस बोटीने गावी येताना मुलांसाठी, वडिलांसाठी, देवळातल्या सप्ताहासाठी पुस्तके आणत असे. पुढे बोट बंद झाली, एसटी आली, १९९८ पासून कोकण रेल्वेची गाडी मुंबईहून थेट गोव्याकडे धावू लागली, आणि ती पुस्तके मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिली. आज त्यांतली बरीच घरे गणपतीपुरती आणि शिमग्यापुरती उघडतात. घराला चार हिस्सेदार, चौघेही चार शहरांत आणि ट्रंकेत काय आहे हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नाही. रहस्यकथेला याहून भक्कम पाया कुठे मिळणार? चोरी झाली हे कळायलाच इथे पाच-दहा वर्षे जातात.

कथांतली गावे आणि वाचनालये खरी आहेत का?

बाईंचे गाव, तिथले वाचनालय आणि तिथली माणसे काल्पनिक आहेत. खऱ्या संस्थांची नावे केवळ त्यांच्या इतिहासाच्या संदर्भात येतात. त्यांच्या संग्रहातून काही चोरीला गेल्याचे कुठेही दाखवलेले नाही आणि पुढेही दाखवणार नाही.

जितके पुस्तक जुने तितके ते दुर्मीळ, असेच ना?

नाही, आणि या समजुतीमुळे जितकी फसवणूक होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशामुळे होत असेल. दुसऱ्या कादंबरीचा सगळा पेच याच समजुतीवर उभा आहे. १८६७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रिते म्हणतात आणि संग्राहकांत त्यांना मोठा मान आहे. पण नित्यपाठाच्या पोथ्या एकोणिसाव्या शतकात पुनःपुन्हा छापल्या गेल्या आणि लोकांनी त्या जिवापाड जपल्या. घरोघरी तांबड्या फडक्यात बांधलेली, हळदकुंकवाचे डाग पडलेली पोथी दीडशे वर्षांची असूनही बाजारात सहज मिळू शकते. याउलट शाळेची क्रमिक पुस्तके, पंचांगे, जत्रेत विकली जाणारी चोपडी, नाटकाच्या पदांची पत्रके, बियाणांच्या आणि औषधांच्या किंमतपत्रिका जपण्याचा विचार कुणी केला नाही. वापरली, फाटली, पुडीसाठी गेली. आज त्यांचीच एखादी प्रत हाती लागणे हा योग असतो.

बाई हे ठरवतात कसे, असेही विचारले जाते. त्यांची हत्यारे कुणालाही वापरता येतील अशी आहेत. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक प्रांतात दर तिमाहीला छापील पुस्तकांची यादी सरकारी राजपत्रातून प्रसिद्ध होत असे, आणि त्या यादीत पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, आकार, आवृत्ती, किंमत, ते धातूच्या सुट्या अक्षरांवर, म्हणजे खिळ्यांवर छापले की शिळेवर आणि किती प्रती काढल्या, इतके सगळे नोंदवलेले असे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची जी सूची केली, तीही बाईंच्या टेबलावर कायम असते. एका माणसाने इतके काम उभे करावे याचे मला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटते, आणि बाईंच्या तोंडी दात्यांविषयी जो आदर येतो तो माझा स्वतःचा आहे.

तिसऱ्या कादंबरीतले 'क्रिस्तपुराण' खरे आहे का?

ग्रंथ खरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातल्या सासष्टीत राहून मराठी ओव्यांत ख्रिस्तचरित्र रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल, म्हणजे रायतूर इथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो हस्तलिखितांमुळे आणि १९०७ मध्ये मंगळूरला झालेल्या मुद्रणामुळे.

तीन वेळा छापलेल्या ग्रंथाची एकही प्रत शिल्लक नसावी, ही वस्तुस्थितीच एवढी विलक्षण आहे की तिला कल्पनेची जोड देण्याचा मोह आवरणे कठीण होते. कादंबरीत एक दलाल सावंतवाडीच्या बाजूच्या एका घरात १६१६ च्या प्रतीची काही पाने सापडल्याचा दावा करतो. ती पाने खरी निघतात की खोटी हे इथे सांगत नाही. एवढे मात्र सांगते की पाने खरी आहेत असे मानण्याची जितकी इच्छा खरेदीदाराला असते तितकीच ती पारखणाऱ्या विद्वानालाही असते, आणि त्या इच्छेचा फायदा कसा घेतला जातो हा त्या कथेचा गाभा आहे.

बाई बनावट पुस्तक ज्या खुणांवरून ओळखतात त्या प्रत्यक्षात खऱ्या आहेत का?

होय. वाचकाला जो पुरावा आधी दिलेला नाही त्यावर रहस्य सोडवायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे; म्हणून प्रत्येक खूण वाचकाला घरच्या कपाटातल्या पुस्तकावर पडताळून पाहता येईल अशीच निवडते.

सर्वांत सोपी खूण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यानंतर छापील मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असे दिसले पाहिजे. पहिल्या कादंबरीत १९२० सालचे म्हणून दाखवलेले एक चोपडे बाई हातात घेतात, चष्मा कपाळावर सारतात, पान डोळ्यांजवळ नेतात आणि काही न बोलता काकांकडे देतात. अकराव्या ओळीत 'नाहीं' आहे, सतराव्या ओळीत 'नाही' आहे. खिळेजुळाऱ्याच्या हातून एखादा अनुस्वार निसटू शकतो, हे काका बोलून दाखवतात; पण पुढच्या पानांवर अनुस्वार जिथे सुटले आहेत तिथे ते एकाच प्रकारच्या शब्दांत सुटले आहेत, आणि नियम शाळेत नव्याने शिकलेल्या माणसाच्या हातून नेमके तसेच होते.

दुसरी खूण सालाची. जुन्या पुस्तकांवर शक आणि संवत्सर दोन्ही छापलेले असते, आणि साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले असल्यामुळे ते परस्परांशी जुळलेच पाहिजे. शके १७५३, म्हणजे इसवी सन १८३१, हे खर नाम संवत्सर. मुद्रक गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले ते याच वर्षी. त्या शकापुढे कुणी 'नंदन' लिहिले असेल तर त्याने एका वर्षाची गफलत केली आहे, आणि पंचांग छापणाऱ्याकडून ती होणे शक्य नाही.

मग येतात शिक्के. कोकणातल्या पुस्तकांच्या बाबतीत या खुणा फार बोलक्या आहेत, कारण इथल्या जिल्ह्यांची नावेच बदलली. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कुलाब्याचे रायगड झाले तेही १९८१ मध्येच. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा आहे. आण्यांतली किंमत जाऊन नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. एखाद्या वाचनालयाच्या '१९६५ साली दाखल' म्हणून दाखवलेल्या पुस्तकावर 'जि. सिंधुदुर्ग' असा शिक्का असेल तर शिक्का तरी नंतरचा आहे किंवा तारीख तरी, आणि नंतर शिक्का मारण्याचे कारण काय या प्रश्नापासून बाईंचा तपास सुरू होतो.

कागद, शाई आणि कीड या खुणांना जास्त सराव लागतो. उजेडासमोर धरल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदात अनेकदा गिरणीच्या नावाबरोबर कागद बनवल्याचे सालही जलचिन्हात दिसते. दस्तऐवज त्या सालापूर्वीचा असूच शकत नाही. देशी हातकागद चिंध्यांपासून बनत असल्याने दोनशे वर्षांनीही लवचीक राहतो, तर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद साठ-सत्तर वर्षांत पिवळा पडून घडीवर तुटतो. काजळीची शाई फिकी पडत नाही, पण ओल्या बोटाने फिसकटते. पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा रंग, फासलेला असतो आणि त्या पिवळ्या पट्ट्या बनावट पोथीत बहुधा नसतात, कारण नक्कल करणारा तयार मजकूर उतरवत असतो, त्याला खोडाखोड करण्याची वेळ येत नाही.

आणि किडीची भोके. पुस्तकी किडा पानांतून बोगदा करत जातो, त्यामुळे एका पानावरचे भोक पुढच्या पानावरच्या भोकाशी जुळते. मध्येच एखाद्या पानावर भोक नसेल किंवा भलत्याच जागी असेल तर ते पान दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेले आहे. चौथ्या कादंबरीत काका सुईत दोरा ओवतात आणि तो भोकांतून हळूहळू खाली सोडतात. चौऱ्याहत्तराव्या पानावर सुई अडते.

असे पुरावे देऊन खऱ्या आयुष्यात कुणी पकडला गेला आहे का?

गेला आहे, आणि त्याची कहाणी या मालेमागच्या प्रेरणांपैकी एक आहे. थॉमस वाइज हा इंग्लंडमधला अत्यंत प्रतिष्ठित संग्राहक आणि सूचिकार होता. त्याच्याच हातून बाजारात आलेल्या, एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत कवींच्या अतिदुर्मीळ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक पुस्तिका खोट्या आहेत, हे जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन पुस्तक-व्यावसायिकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. एका पुस्तिकेवर साल होते १८४७, पण तिचा कागद रासायनिक लाकडी लगद्याचा होता आणि तसा कागद त्या काळी वापरातच नव्हता. त्यांनी खिळ्यांचाही अभ्यास केला. अक्षराचा विशिष्ट घाट कधी ओतला गेला यावरून साले खोटी ठरली. वाइजने आपल्या प्रती पूर्ण करण्यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या पुस्तकांतली पाने काढून नेली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीला आले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की कार्टर आणि पोलार्ड यांनी कुणाचा पाठलाग केला नाही की कुणाला दटावून कबुलीजबाब घेतला नाही. ते पुस्तिका तपासत राहिले. मराठीतही अक्षरांचा घाट असाच बोलतो: शिळाछापातले लेखनिकाचे वळण, सुरुवातीच्या छापखान्यांचे बोजड खिळे आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरचा रेखीव टाइप एकाशेजारी एक ठेवले तर नवख्यालाही फरक दिसतो. निर्णयसागर छापखाना सुरू झाला १८६९ मध्ये.

या कथांत खून इतके कमी का?

जुन्या मराठी पुस्तकांच्या व्यवहारात जो पैसा फिरतो त्यासाठी माणूस खून करील यावर माझा विश्वास बसत नाही, आणि ज्यावर लेखकाचा विश्वास नाही त्यावर वाचकाने का ठेवावा? माणसे यात खोटे बोलतात, भावाला फसवतात, मेलेल्या वडिलांची सही गिरवतात, गावाचा विश्वास मोडतात. लहान गावात या गोष्टींची शिक्षा पुढच्या दोन पिढ्या भोगतात. पाचव्या कादंबरीत एक मृत्यू आहे आणि तो कसा झाला हे शेवटपर्यंत महत्त्वाचे राहते.

पावसाळ्याला कथांत एवढी जागा का दिली आहे?

कारण कोकणात पुस्तकाचा पहिला शत्रू चोर नव्हे, दमट हवा आहे. किनाऱ्यावर चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती बहुतेक त्याच्या वरच असते. चिऱ्याच्या भिंतीतून वाळवी चढते, कसर बांधणीतली खळ खाते, खाऱ्या वाऱ्याने तारेच्या टाचण्या गंजून पानांवर तांबूस डाग पाडतात. काकांच्या दुकानात खळ शिजवताना तिच्यात मोरचूद घालतात. त्यांच्या हातच्या बांधण्या त्या निळसर छटेवरून ओळखू येतात, आणि ही खूण एका कथेत निर्णायक ठरते. बासनात वेखंडाची कांडी ठेवण्याचा घरगुती प्रघातही त्यात आला आहे.

पुराची कादंबरी लिहिताना २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर डोळ्यांसमोर होता. त्या पुरात १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचेही नुकसान झाले. माझी कथा काल्पनिक गावात घडते: पूर ओसरल्यावर 'वाहून गेले' म्हणून यादीत लिहिलेले एक पुस्तक वर्षभराने कोरडे ठणठणीत, एका संग्राहकाच्या कपाटात दिसते. त्याच कादंबरीत भिजलेली पुस्तके प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात ठेवण्याचा प्रसंग आहे. अनेकांना तो अतिरंजित वाटला. भिजलेली पुस्तके गोठवून ठेवली की बुरशी थांबते आणि ती एकेक करून सावकाश वाळवायला अवधी मिळतो, ही ग्रंथसंवर्धनातली मान्य रीत आहे. शीतगृह बंदरावरचे घेतले, कारण आमच्याकडे तेच जवळ असते.

वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक बाजारात दिसले म्हणजे ते चोरीचेच का?

तसे नाही. वाचनालये जीर्ण किंवा जास्तीच्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करतात. मंडळाच्या सभेत ठराव होतो, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे शेरा पडतो आणि पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का मारला जातो. असे पुस्तक विकत घेण्यात काहीच गैर नाही. शंका घ्यायची ती शिक्क्याच्या जागी खरवडलेला खळगा, कापून काढलेला शीर्षकपृष्ठाचा कोपरा किंवा नव्याने चिकटवलेला अस्तराचा कागद दिसला तर. बरीच वाचनालये शीर्षकपृष्ठाखेरीज आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात आणि ते पान कोणते हे बाहेर सांगत नाहीत. बाईंच्या वाचनालयाचे ते पान कोणते, हे पहिल्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात वाचकाला सांगितलेले आहे. बहुतेकांच्या नजरेतून ते निसटते.

तुमच्या कथांतले संग्राहक लोभी दिसतात. तुमचा संग्राहकांवर राग आहे का?

मुळीच नाही. पगारातले पैसे वाचवून, रद्दीच्या ढिगाऱ्यात उन्हातान्हात बसून माणसांनी जे वेचले ते नसते तर मराठीतली कितीतरी पुस्तके नुसती नावापुरती उरली असती. चौथ्या कादंबरीतले निवृत्त पोस्टमास्तर हे माझे सर्वांत आवडते पात्र आहे, आणि त्यांची वही, जिच्यात प्रत्येक पुस्तक कुणाकडून, कुठे आणि केवढ्याला घेतले हे लिहिलेले असते, ती मला प्रत्येक संग्राहकाच्या घरी असावीशी वाटते. माझा राग आहे तो पुस्तके फोडणाऱ्यांवर: नकाशे आणि चित्रे कापून चौकटीत घालून वेगळी विकायची आणि उरलेला मजकूर रद्दीत टाकायचा, हा धंदा करणाऱ्यांविषयी कथेत कुठेही सहानुभूती आढळणार नाही.

जुन्या मराठी रहस्यकथांचाही यात उल्लेख येतो. त्या दुर्मीळ आहेत का?

पुष्कळशा झाल्या आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या स्वस्त कागदावर छापल्या जात, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरत आणि चिंध्या होईपर्यंत वाचल्या जात. ग्रंथालयांनी त्या काळी अशी पुस्तके जपण्यासारखी मानली नाहीत. इतक्या लोकांनी इतक्या आवडीने वाचलेले साहित्य पूर्ण संचात सहजी पाहायला मिळू नये याचे मला वाईट वाटते, म्हणून पाचव्या कादंबरीतला शोध एखाद्या पोथीचा न ठेवता अशाच एका हरवलेल्या रहस्यकथेचा ठेवला.

संवादांत मालवणी का वापरली आहे? सर्वांना कळेल का?

त्या गावातली माणसे आपसांत तशीच बोलतात. "ह्यां पुस्तक आमच्याच घरातलां," असे म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडी प्रमाण मराठी घातली तर तिचा हक्कच उणा होतो. बाई शाळेत शिकवलेल्या पिढीशी प्रमाण मराठीत आणि शेजारणींशी मालवणीत बोलतात, आणि एका संशयिताचे मूळ गाव त्यांना त्याच्या बोलीवरूनच कळते. अवघड शब्दाचा अर्थ पुढच्या वाक्यातून लागेल अशी काळजी घेतली आहे.

जुने हस्तलिखित परदेशी विकणे खरोखरच गुन्हा आहे का, की कथेपुरते तसे दाखवले आहे?

खरोखरच आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखिते व दस्तऐवज असतील तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, हे पुरावस्तूंत मोडतात. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा यांच्याखेरीज कुणालाही त्यांची निर्यात करता येत नाही, आणि देशात त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. घरातल्या घरात जपण्यावर मात्र बंदी नाही. आजोबांच्या पोथीमुळे आपण अडचणीत येऊ या भीतीने कुणी ती नदीत सोडू नये.

आमच्या गावच्या घरी माळ्यावर जुनी पुस्तके सापडली आहेत. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर द्यायला मला मनापासून आवडते. पुस्तके लगेच झटकू नयेत, कडक उन्हात पसरू नयेत आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो आणि पुढे निघत नाही. ट्रंक जशी होती तशी तिचा फोटो काढावा, कारण कोणते पुस्तक कशाबरोबर बांधलेले होते यातूनही बरेच कळते. नंतर एकेक पुस्तक सावलीत, वाऱ्याशी ठेवून मऊ ब्रशने साफ करावे. आत सापडलेली पत्रे, पावत्या, तिकिटे, वाळलेली पाने कोणत्या पानात होती ते लिहून तिथेच ठेवावीत. शीर्षकपृष्ठावरचे नाव, छापखाना, साल आणि त्यावरचे शिक्के व हस्ताक्षरे वहीत उतरवून काढावीत. मोडी वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवावा. हे होईपर्यंत रद्दीवाल्याला किंवा 'सगळ्याचे मिळून इतके देतो' म्हणणाऱ्याला घरात घेऊ नये. द्यायचेच ठरले तर आधी जवळच्या जुन्या वाचनालयाला विचारावे, आणि दिलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्या सहीशिक्क्यानिशी घ्यावी. त्या यादीची एक प्रत चौघा हिस्सेदारांपैकी प्रत्येकाकडे असू द्यावी.